एकच गुजी, दोन पाकिटं, दोन चवी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन पाकिटं घेतलीत. दोन्हींवर सिंगल ओरिजिन, इथिओपिया, गुजी (तिथला एक कॉफीचा प्रदेश) असं लिहिलंय. दोन्हींवर वाण ‘एअरलूम’, उंची २००० मीटरच्या आसपास. फरक एकाच शब्दाचा, दाणा वाळवण्याच्या पद्धतीचा : एकावर वॉश्ड, दुसऱ्यावर नॅचरल. पहिली कॉफी लिंबाच्या सालीची आणि मोगऱ्याच्या वासाची, अंगाने चहासारखी हलकी लागली. दुसरी पिकून मऊ झालेल्या स्ट्रॉबेरीसारखी, जराशी वाइनकडे झुकणारी. मग तुम्ही विचारलंत की दुसरीत वास मिसळलाय का, दोन्हींतली खरी गुजी कोणती, आणि चव एवढी बदलत असेल तर सिंगल ओरिजिन या दोन शब्दांसाठी जास्त पैसे का मोजायचे.

मी कॉफी भाजते, आणि भाजण्यासाठी हिरवी कॉफी निवडणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. त्यामुळे एकाच भागातून आलेले वॉश्ड आणि नॅचरल नमुने शेजारी शेजारी ठेवून चाखण्याचा प्रसंग दर हंगामात येतो. तुम्ही वर्णन केलेला फरक मला ओळखीचा आहे आणि त्यात संशय घेण्यासारखं काही दिसत नाही. अर्थात तुमची पाकिटं मी चाखलेली नाहीत. ती कोणी, किती गडद भाजली, कधी भाजली, तुमचं पाणी कसं आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. पण एवढा मोठा फरक भाजण्यातून किंवा पाण्यातून सहसा येत नाही. तो फळ तोडल्यापासून दाणा वाळेपर्यंतच्या काही आठवड्यांत तयार होतो.

आधी सिंगल ओरिजिनचं पाहू, कारण गोंधळ तिथून सुरू होतो. कॉफी कुठून आली ते सांगता येतं, एवढंच हे शब्द सांगतात. ‘कुठून’ची व्याप्ती मात्र विक्रेत्यागणिक बदलते : एक देश, एक जिल्हा, एक वॉशिंग स्टेशन (जिथे शेतकऱ्यांची फळं जमा करून त्यांवर प्रक्रिया होते), एक मळा किंवा त्या मळ्याचा एक तुकडा. पनामा किंवा ब्राझीलमध्ये एका मालकाचा मोठा मळा असतो, तिथे एका लॉटमागे, म्हणजे एकत्र विकल्या जाणाऱ्या मालामागे, एकच शेत असू शकतं. गुजीत चित्र वेगळं आहे. तिथे बहुतेक कुटुंबांकडे थोडीशीच झाडं असतात. ती आपली फळं जवळच्या स्टेशनवर नेऊन घालतात आणि शेकडो घरांचा माल एकाच हौदात पडतो. म्हणजे तुमच्या पाकिटातला ‘एक’ हा एक शेतकरी नाही, एक टेकडी आणि एक स्टेशन आहे. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, पण ग्राहकाला ते माहीत असावं. इथिओपियात २००८ साली कमोडिटी एक्स्चेंज, म्हणजे शेतमालाच्या खरेदी-विक्रीचा बाजार, सुरू झालं तेव्हा तर बराचसा माल प्रदेश आणि प्रतवारीनुसार एकत्र केला जाई आणि स्टेशनचं नावही वाटेत हरवून जाई. २०१७ नंतर नियम सैल झाले, म्हणून आज पाकिटांवर स्टेशनचं नाव वाचायला मिळतं.

पाकिटांवर दिसणारा दुसरा शब्द, स्पेशालिटी, मात्र दर्जाबद्दल आहे. रूढ मोजपट्टीप्रमाणे चाखणीत शंभरपैकी ८० किंवा अधिक गुण मिळालेली कॉफी स्पेशालिटी धरली जाते. त्याआधी ३५० ग्रॅम हिरव्या दाण्यांचा नमुना हाताने निवडून पाहतात. पूर्ण काळा किंवा पूर्ण आंबलेला दाणा अशा मोठ्या दोषांपैकी एकही चालत नाही, लहान दोष पाचपर्यंत चालतात. म्हणजे एखादी कॉफी सिंगल ओरिजिन असूनही सुमार असू शकते, आणि उत्तम दर्जाची कॉफी दोन-तीन ठिकाणची मिळून बनलेलीही असू शकते. तुम्ही पैसे फक्त पहिल्या शब्दासाठी देत असाल तर अर्ध्याच माहितीसाठी देताय.

आता शेताकडे. अरेबिका या कॉफीच्या जातीला साधारण १८ ते २२ अंशांचं सरासरी तापमान मानवतं. उंचीचं महत्त्व त्यातून येतं. हजार मीटर वर गेलं की हवा अंदाजे सहा अंशांनी गार होते, रात्री थंड पडतात, फळ सावकाश पिकतं आणि दाणा घट्ट होतो. अशा दाण्यात आंबटपणा स्वच्छ असतो आणि वासाचे पदर अधिक मिळतात. पण उंचीचा आकडा एकटा वाचू नका. हवाईतलं कोना विषुववृत्तापासून १९ अंशांहून थोडं अधिक दूर आहे, तिथे ९०० मीटरच्या आत उत्तम अरेबिका पिकते. कोलंबियाच्या उइलामध्ये, विषुववृत्ताच्या अगदी जवळ, तशीच थंडी मिळायला १५०० मीटरच्या वर जावं लागतं. दोन देशांतले मीटर एकमेकांशी ताडून पाहण्यात काही अर्थ नसतो.

वाणाचंही तसंच. गेशा हे वाण मुळात इथिओपियाच्या नैऋत्येकडचं. १९३० च्या दशकात तिथून गोळा केलेलं बियाणं अनेक देश फिरून पनामात पोचलं आणि २००४ साली हासिएंदा ला एस्मेराल्दा या मळ्याच्या कॉफीने तिथली स्पर्धा जिंकल्यावर जगाचं लक्ष त्याच्याकडे गेलं. हेच वाण कमी उंचीवर लावलं की फुलांचा तो वास फिका पडतो. तुमच्या पाकिटांवरचा ‘एअरलूम’ तर एक वाण नव्हेच. त्यात कुरुमे, देगा, वोलिशो यांसारखे स्थानिक प्रकार असतात, आणि जिम्मा संशोधन केंद्राने १९७४ मध्ये निवडलेली ७४११०, ७४११२ अशी रोगाला टिकणारी वाणंही असतात. त्यामुळे दोन पाकिटांवर ‘एअरलूम’ लिहिलंय म्हणून आतली झाडं सारखीच असतील असं नाही. तुमच्या दोन चवींमधला थोडा फरक इथूनही आलेला असू शकतो. माझ्या मते तो लहान भाग आहे.

तोडणीबद्दल लोक फार कमी विचारतात, मला मात्र ती निर्णायक वाटते. विषुववृत्ताजवळ झाडाला पावसाप्रमाणे टप्प्याटप्प्याने फुलं येतात, त्यामुळे एकाच फांदीवर हिरवं, पिवळट आणि गडद लाल फळ एकत्र असतं. फक्त पिकलेलं वेचायचं तर त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यावं लागतं. कच्च्या फळाचा दाणा भाजल्यावर फिकट राहतो आणि कपात कच्च्या शेंगदाण्यासारखा, घशाला तुरट लागतो. नंतरची कुठलीही प्रक्रिया त्याला गोड करू शकत नाही. म्हणून हिरवा नमुना हातात आला की मी तो थोडा भाजून आधी हे फिकट दाणे मोजते. एक किलो हिरव्या कॉफीसाठी पाच-सहा किलो फळं लागतात, आणि ती सगळी पिकलेली हवीत तर मजुरी त्या मानाने वाढते. सिंगल ओरिजिनच्या वाढीव किमतीतला रास्त भाग मला इथे दिसतो.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर यानंतरच्या टप्प्यात आहे. कॉफीचं फळ बाहेरून आत असं आहे : साल, मग गर, मग दाण्याला धरून बसलेला चिकट थर ज्याला म्युसिलेज म्हणतात, त्याखाली कडक कागदासारखं पार्चमेंट, मग पातळ रुपेरी पापुद्रा, आणि आत बी. आपण भाजतो ते हे बी. दाणा वाळवताना यातलं काय काढलं आणि काय राहू दिलं, यावर प्रक्रियेचं नाव ठरतं.

वॉश्डमध्ये फळं पाण्यात टाकून तरंगणारी बाजूला काढतात. यंत्राने साल आणि गर उतरवतात. चिकट थर मात्र दाण्याला तसाच राहतो, तो नुसत्या पाण्याने सुटत नाही. म्हणून दाणे हौदात ठेवतात. तिथे जीवाणू आणि यीस्ट त्या थरातलं पेक्टिन, म्हणजे त्याला चिकट ठेवणारा घटक, मोडतात. ऊबदार ठिकाणी हे बारा-चौदा तासांत होतं, गार हवेत दोन-तीन दिवसही लागतात. या आंबण्यालाच फर्मेंटेशन म्हणतात, म्हणून कोणी मला ‘फर्मेंटेशन ३६ तास’ एवढंच सांगितलं तर मी तापमान विचारते, त्याशिवाय तासांना अर्थ नाही. अनुभवी माणसं मूठभर दाणे हातात चोळून पाहतात. बुळबुळीतपणा गेला आणि दाणे खरखरीत लागले की ताबडतोब धुवायचं. उशीर झाला तर आंबूस, कांद्यासारखा वास बसतो आणि तो भाजूनही जात नाही. धुतलेले दाणे पार्चमेंटसकट जाळीवर वाळतात, साधारण आठ ते पंधरा दिवस.

नॅचरलमध्ये यातलं काहीच करत नाहीत. अख्खं फळ जाळीवर पसरायचं आणि द्राक्षाचा मनुका होतो तसं वाळू द्यायचं. ऐकायला सोपं आहे, करायला अवघड. दोन ते चार आठवडे ते फळ ओलं, गोड आणि जिवंत असतं. यीस्ट आणि जीवाणू सालीवर आणि गरात काम करत राहतात. त्यांच्याकडून फळांच्या वासाची संयुगं, म्हणजे एस्टर, तयार होतात, थोडं अल्कोहोल आणि थोडं ॲसेटिक आम्लही होतं. तुम्हाला लागलेली स्ट्रॉबेरी आणि वाइनची छटा यातूनच येते. थर जाड झाला, फळं दिवसातून अनेकदा परतली नाहीत, एखादी रात्र झाकायची राहिली, की त्याच वाटेने पुढे जाऊन व्हिनेगर आणि बुरशी येते. चांगल्या आणि बिघडलेल्या नॅचरलमध्ये अंतर फार थोडं असतं, आणि ते राखणारी माणसं दिवसभर उन्हात त्या जाळ्यांपाशी उभी असतात.

गराची साखर दाण्यात झिरपते म्हणून नॅचरल गोड लागते, असं सर्रास सांगितलं जातं. गोष्ट इतकी सरळ नाही. हिरव्या दाण्यांची साखर तपासली तर सुक्रोज दोन्ही पद्धतींत जवळपास सारखं सापडतं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मात्र वॉश्ड दाण्यांत बरंच कमी असतं. कारण बी त्या वेळी जिवंत असतं. गर निघून ते पाण्यात गेलं की रुजण्याची हालचाल सुरू करतं, तिथे प्राणवायू अपुरा असतो, आणि ते स्वतःचीच ही साखर खर्च करतं. अख्ख्या फळात वाळणारं बी वेगळ्या मार्गाने जातं. आपण प्रक्रिया म्हणतो ती बाहेरून लावलेली गोष्ट वाटते, पण तिचा अर्धा भाग बियाच्या आतच घडत असतो. मला या सगळ्या व्यवसायातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

बाकीच्या पद्धती या दोन टोकांच्या मध्ये किंवा बाजूला बसतात. हनीमध्ये साल काढतात पण चिकट थर कमी-अधिक ठेवून वाळवतात. कोस्टा रिकाच्या व्हाइट, यलो, रेड, ब्लॅक अशा नावांत साधारण तेवढाच फरक असतो. ॲनारोबिकमध्ये फळं किंवा दाणे बंद टाकीत ठेवतात, प्राणवायू नसल्यामुळे वेगळे सूक्ष्मजीव वरचढ होतात. साशा सेस्टिक यांनी २०१५ ची जागतिक बरिस्ता स्पर्धा कार्बनिक मॅसरेशनच्या (टाकीत कार्बन डायऑक्साइड भरून केलेल्या) कॉफीवर जिंकली, त्यानंतर या टाक्या झपाट्याने पसरल्या.

वास मिसळलाय का, या शंकेकडे येते. फर्मेंटेशनच्या टाकीत फळं, मसाले किंवा अर्क घालण्याची पद्धत आज अस्तित्वात आहे. तिला को-फर्मेंट किंवा इन्फ्यूज्ड म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे : ते पाकिटावर लिहिलेलं असावं, मग पिणाऱ्याने ठरवावं. न लिहिता विकणं ही फसवणूक आहे, आणि त्याचा फटका जाळीवर महिनाभर राबून तसाच सुगंध मिळवणाऱ्याला बसतो. भाजल्यानंतर वासाचं तेल लावलेली कॉफी ओळखणं त्यामानाने सोपं आहे. हलकी भाजलेली असूनही दाणे तुकतुकीत दिसतात आणि वास ग्राइंडरला चिकटून पुढच्या कॉफीत उतरतो. टाकीत काही घातलं असेल तर ते केवळ चाखून छातीठोकपणे सांगता येत नाही. मला संशय येतो तो एकच वास, कोरड्या पुडीपासून थंड झालेल्या कपापर्यंत, जराही न बदलता तेवढाच जोरात राहिला तर. साधी नॅचरल निवताना बदलत जाते : आधी फळ, मग कोको किंवा वाइन, शेवटी थोडा आंबटपणा. तुमच्या वर्णनातली ‘पिकून मऊ झालेली’ स्ट्रॉबेरी मला सरळ नॅचरलची वाटते.

मग खरी गुजी कोणती? हा प्रश्न मीही सुरुवातीची काही वर्षं असाच विचारत असे. वॉश्डमध्ये झाड, वाण आणि उंची अधिक उघडी दिसतात, कारण फळाचा बाकी भाग लवकर बाजूला होतो. दोन टेकड्यांमधला फरक समजून घ्यायचा असेल तर मी वॉश्ड नमुनेच मागवते. पण म्हणून नॅचरलला बनावट म्हणता येणार नाही. अख्खं फळ वाळवणं ही सर्वांत जुनी पद्धत आहे. इथिओपियातल्या हरारमध्ये आणि येमेनमध्ये कॉफी पिढ्यान्‌पिढ्या अशीच वाळत आलीय.

शिवाय कुठली पद्धत रुजली हे बहुतेक वेळा त्या जागेच्या हवेनेच ठरवलंय. ब्राझीलमध्ये तोडणीच्या दिवसांत हवा कोरडी असते, म्हणून तिथे नॅचरलची परंपरा मोठी. सुमात्रात पाऊस थांबतच नाही, म्हणून तिथले लोक तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा असतानाच पार्चमेंट काढून दाणा उघडा वाळवतात. त्या पद्धतीचं नाव गिलिंग बासाह, आणि सुमात्राची ती जड, मातकट चव तिच्याशी जोडलेली आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर मॉन्सून्ड मलबारचे दाणे पावसाळ्यात उघड्या बाजूंच्या गोदामांत ठेवतात. दमट वाऱ्याने ते फुगतात, फिकट पिवळे होतात आणि त्यांचा आंबटपणा उतरतो. या कॉफ्यांतून प्रक्रिया वजा केली तर ठिकाणही वजा होईल. तेव्हा तुमच्या दोन्ही पाकिटांत गुजीच आहे.

वाळवण्याबद्दल थोडं अधिक, कारण पाकिटावर ते कधीच येत नाही. लक्ष्य दहा ते बारा टक्के ओलाव्याचं असतं, पण तिथे कसं पोचलो याला जास्त महत्त्व आहे. कडक उन्हात घाईने वाळवलेलं पार्चमेंट तडकतं. अशी कॉफी पहिल्या महिन्यात सुरेख लागते आणि काही महिन्यांतच तिला जुन्या पुठ्ठ्यासारखी चव येते. सावकाश, दुपारी झाकून, पातळ थरात वाळवलेली कॉफी वर्षभर टिकते. एकाच स्टेशनचा एकच लॉट मी आल्याबरोबर आणि पुन्हा सहा महिन्यांनी चाखते ते याचसाठी. वाळवण नीट झाली होती का, हे दुसऱ्या चाखण्यात कळतं. तुमच्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की पाकिटावर भाजल्याच्या तारखेबरोबर तोडणीचा हंगामही लिहिला असेल तर तो विक्रेता आपल्या मालाकडे लक्ष देतो.

पुढच्या वेळी पाकीट पाहताना मी ज्या क्रमाने वाचते तसं वाचून पाहा : स्टेशनचं किंवा मळ्याचं नाव, मग प्रक्रिया, मग हंगाम, आणि शेवटी वाण व उंची. चवीचं वर्णन मी कॉफी पिऊन झाल्यावर वाचते. नुसता देश आणि ‘सिंगल ओरिजिन’ एवढंच असेल तर त्या शब्दाचे जास्त पैसे देऊ नका. प्रक्रियेपुढे काहीच लिहिलं नसेल तर विचारा. विकणाऱ्याला माहीत असेल तर तो आनंदाने सांगतो.

आता ही दोन पाकिटं तुमच्याकडे आहेतच, तर त्यांची एकत्र कपिंग, म्हणजे वाट्यांत शेजारी शेजारी चाखणी, करा. कुठलंही यंत्र लागत नाही. सारख्या आकाराच्या दोन वाट्यांत प्रत्येकी १२ ग्रॅम कॉफी घ्या, दळण दोन्हींचं सारखं आणि मध्यम जाड ठेवा. उकळी बसल्यावर मिनिटभर थांबून साधारण २२० मिली पाणी ओता. चार मिनिटांनी वर आलेली साय चमच्याने तीनदा मोडा आणि त्याच क्षणी नाक जवळ नेऊन वास घ्या. मग फेस काढून टाका. दहा-बारा मिनिटांनी चमच्याने सुर्रकन ओढून चाखायला लागा आणि कप पूर्ण गार होईपर्यंत दर थोड्या वेळाने पुन्हा चाखा. सुरुवातीला नॅचरल वॉश्डला झाकून टाकेल, हे धरून चाला. कोमट झाल्यावर दोन्हींत एक सारखी गोष्ट शोधा. बहुधा ती जिभेच्या कडांना लागणारा लिंबाचा आंबटपणा किंवा मागे उरणारा फुलांचा वास असेल. ती सापडली तर ती झाडाची आणि टेकडीची. सापडली नाही तर दोन्ही पाकिटांवरची स्टेशनची नावं ताडून पाहा. ती वेगळी असतील तर जिल्हा तोच ठेवून एकाच स्टेशनची वॉश्ड आणि नॅचरल मिळते का ते शोधा. तशा जोड्या काही विक्रेते मुद्दाम आणतात, आणि तुमच्या प्रश्नासाठी तीच जोडी योग्य आहे.